साडेआठचा काळोख

९ ऑक्टोबर

आजपासून लिहायला घेतलं, कारण बोलायला गेले की माझा आवाज चढतो आणि घरात ऐकणारा माणूस एकच. त्याने तरी किती ऐकून घ्यायचं!

टेकडीच्या पायथ्याशी, वळणापलीकडे, ट्रकांचा डेपो झाला आहे. सभोवार पत्र्याची उंच भिंत, आत आठ खांब, खांबांच्या माथ्यावर दिव्यांचे घोस. काल ते पहिल्यांदा पेटले. मी वर वेधशाळेत घुमटाच्या भिंतीला पाठ लावून बसले होते. डेपो तिथून दिसत नाही, पण डोळ्यांदेखत अर्धं आभाळ असं पांढरट झालं की मला वाटलं, आग लागली. धावत कठड्याशी गेले. आग परवडली असती. ती विझते तरी.

माझं काम इतकं सोपं आहे की लोकांना ते काम वाटतच नाही. चंद्र नसलेल्या निरभ्र संध्याकाळी भिंतीच्या आडोशाला पंधरा मिनिटं बसायचं, म्हणजे डोळे अंधाराला सरावतात. मग बरोब्बर साडेआठला मीटर डोक्यावरच्या आभाळाकडे धरायचं आणि बटण दाबायचं. साबणाच्या वडीएवढं यंत्र. आकडा मोठा आला तर आभाळ काळं, लहान आला तर उजळलेलं. काळं असेल तरच आमच्या दुर्बिणीला अंधूक तारे दिसणार, नाहीतर ती नुसतं महागडं नळकांडं.

सोळा वर्षं मी हा आकडा घेते आहे. बाकीच्या वेधशाळांचं आभाळ वर्षागणिक उजळत गेलं. आमचा आकडा एकवीस पॉइंट तीन होता, तो जेमतेम एकवीस पॉइंट दोनवर आला. खात्यातले लोक आमचा आलेख बघून विचारतात, “बाई, तुमच्या गावात वीज पोचली आहे ना?” मी म्हणते, आमचं गाव शहाणं आहे.

कालचा आकडा वीस पॉइंट पाच. ऐकायला किरकोळ वाटतं. प्रत्यक्षात आभाळ जवळजवळ दुप्पट उजळलं आहे.

१२ ऑक्टोबर

पुन्हा वीस पॉइंट पाच. जेवण गेलं नाही. ताट सरकवलं आणि उठले.

नवरोबांनी ताट झाकून ठेवलं. हे शिंपी. चौकातलं दुकान गेल्या वर्षी बंद केलं, सुई ओवता येईना म्हणून. अर्ध्या गावाच्या कमरेचं माप यांच्या डोक्यात आहे, आणि उरलेल्या अर्ध्या गावाचं बायकोच्या भीतीने विसरले असतील. दुर्बीण, मीटर यातलं त्यांना ओ की ठो कळत नाही. मीटरला काळ्या कापडाची पिशवी मात्र इतकी सुबक शिवून दिली आहे की यंत्रापेक्षा पिशवीच भारी दिसते.

“मोठा आकडा चांगला ना?” त्यांनी विचारलं.

“हो हो, मोठा चांगला. किती वेळा सांगायचं?”

“मी त्या खांबांना टोप्या शिवून देतो. तू फक्त डोक्याचं माप आण.”

हसू आलं, काय करणार! पण जेवले नाही.

१९ ऑक्टोबर

खात्यातून साहेबांचा फोन. गोड बोलतात तेव्हा माझं धाबं दणाणतं. आज फार गोड बोलले.

डेपोवाल्यांना आणखी चोवीस खांब उभे करायचे आहेत. परवानगी द्यायची की नाही, हे एक समिती फेब्रुवारीत ठरवणार. कंपनी म्हणते, आम्ही दिव्यांना वरून झाकणं बसवतो, उजेड खालीच पडेल, आभाळाला धक्का लागणार नाही. समिती म्हणते, ठीक, झाकणांआधीचे आणि झाकणांनंतरचे आकडे आणा. झाकणं निकामी ठरली तर नवे खांब नाहीत.

“म्हणजे सगळं तुमच्या आकड्यांवर आहे,” साहेब म्हणाले. मग घसा साफ केला. “आणि बाई, स्पष्टच सांगतो. खातं काही वेधशाळा बंद करायच्या विचारात आहे. आभाळ गेलं तर तुमची पहिली. दुर्बीण उतरवून गोदामात.”

निवृत्तीला दोन वर्षं आहेत माझ्या. माझं सोडा. पण ती दुर्बीण मी लेकरासारखी सांभाळली आहे. तिची काच पुसताना मी श्वास रोखते. गोदामात तिच्यावर कोण खोकी रचील!

घरी गोदामाचं तेवढं सांगितलं. समितीचं, झाकणांचं किचकट प्रकरण सांगत बसले नाही. त्यांना काय कळणार त्यातलं, आणि मला आणखी एकदा तेच बोलायचं बळ नव्हतं.

८ नोव्हेंबर

वीस पॉइंट चार. काल वीस पॉइंट पाच. परवा चार. झाकणांआधीचे आकडे भरपूर जमले, म्हणजे माझं काम चोख चाललं आहे, आणि मला रोज घरी येऊन रडू येतं. आकाशगंगा धुतल्या फडक्यासारखी विटली आहे. पूर्वी ती डोक्यावर अशी असायची की पोरंटोरंसुद्धा गप्प होत.

हे आता माझ्या पावलांवरून आकडा ओळखतात. “आज वीसच का?” म्हणतात. मी चपला भिरकावते.

२२ नोव्हेंबर

झाकणं बसली. मी मुद्दाम रस्त्यावरून बघून आले. बांगडीएवढी पत्र्याची पट्टी. खालून बघितलं तर उजेड डोळ्यांत जातो तसाच जातो. कंपनीचा इंजिनियर भेटला, चष्मेवाला, हसतमुख. म्हणाला, “मॅडम, खालून काही कळत नाही. वरून बघा, जादू आहे.”

जादू म्हणे. कपाळ माझं!

४ डिसेंबर

चंद्राचे दिवस संपले. झाकणांनंतरचा पहिला आकडा: वीस पॉइंट पाच.

जादू बघितली. आता असेच आणखी दहा-बारा आकडे आले की समितीपुढे मांडायचे आणि चोवीस खांब रद्द. खरं म्हणजे मला आनंद व्हायला हवा होता. वाईट आकडा आला की केस जिंकणार, चांगला आला की आभाळ जिंकणार. माणसाने मागायचं तरी काय? घरी आले, दिवा न लावता पलंगावर पडून राहिले. नवरोबा बराच वेळ दारात उभे होते. मी झोपल्याचं सोंग केलं.

७ डिसेंबर

एकवीस पॉइंट एक!

मीटर बिघडलं असं वाटून सेल बदलले. पुन्हा एकवीस पॉइंट एक. कपाटातलं जुनं मीटर आणलं. तेच. वर बघितलं तर आकाशगंगा या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी तिथे एकटी उभी राहून “अगं बाई, अगं बाई” करत होते. कुणी बघितलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

खाली आले तर हे घरात नाहीत. थोड्या वेळाने आले, थर्मास काखेत. फिरायला गेलो होतो म्हणाले. आयुष्यात दुकान ते घर यापलीकडे न चाललेला माणूस! मी आकडा सांगितला तर इतके खूश झाले की थर्मास ठेवायचा विसरून तसेच उभे राहिले. दोन वेळा वाढून घेतलं मी आज.

८ डिसेंबर

सकाळीच चष्मेवाल्याला फोन केला. चार तारखेला वीस आणि सातला एकवीस, मध्ये काही बदललं का?

“हो हो,” तो म्हणाला, “आमची माणसं थोडं ॲडजस्टमेंट करून गेली.”

“कसलं?”

“कोन वगैरे, मॅडम. टेक्निकल असतं ते.”

मला टेक्निकल म्हणतोय, शहाणा! पण उत्तर मिळालं. झाकणांचे कोन सुधारले. आज रात्री पुन्हा एकवीस पॉइंट एक. शिव्या घातल्या होत्या त्या सगळ्या परत घेते.

२८ डिसेंबर

पुन्हा काळोखाचे दिवस आले आणि आकडे सोन्यासारखे. नवरोबांचं फिरणं जोरात. आठच्या ठोक्याला थर्मास काखेत आणि स्वारी बाहेर. म्हातारपणी पाय फुटले म्हणून मी चिडवते. बुटांना काळं ग्रीस लागलेलं असतं.

“कुठे जाता हो? ट्रकाखाली झोपता काय?”

“डेपोकडचा रस्ता सपाट आहे,” म्हणाले. तिथल्या पहारेकऱ्याशी दोस्ती झाली आहे. मिशीवाले म्हणतात त्याला. परवा त्याच्या कोटाचं अस्तर बदलून देत होते, सुई मला ओवायला लावली. बरं आहे. दुकान गेल्यापासून माणूस खिडकीशी नुसता बसून असायचा.

४ जानेवारी

हे तापाने फणफणले आहेत. तरी आठ वाजता उठून बूट घालायला निघाले. मी दरडावून झोपवलं. “अगं, थोडंसंच जाऊन येतो,” म्हणत होते, ताप डोक्यात गेल्यासारखे. गोळी देऊन, दाराला बाहेरून कडी घालून वर गेले.

आज वीस पॉइंट पाच. हवेत गारठा होता, मीटरच्या काचेवर दव बसलं असणार. हात फिरवला तर काच कोरडी लागली, पण दव असं चटकन उडतंही. शेऱ्यात “दव” लिहिलं आणि आकडा बाद केला.

घरी आले तर उठून बसले होते. आकडा सांगितला. बायको आजारी पडावी तसा चेहरा केला, आणि आजारी स्वतः!

७ जानेवारी

ताप उतरला, फिरणं सुरू. एकवीस पॉइंट दोन. बघा, दवच होतं.

एक गोष्ट. मीटर पिशवीत घालून, कुलूप लावून निघेपर्यंत आभाळ मघापेक्षा पांढरट वाटतं मला. ट्रक यायची वेळ, हेडलाइट असतील. किंवा माझेच डोळे. वय झालं बाई.

१३ फेब्रुवारी

काल समिती झाली. लांबलचक टेबल, पाण्याच्या बाटल्या, सगळे माझ्याहून लहान. मी आलेख ठेवला. झाकणांआधी वीस पॉइंट पाच, झाकणांनंतर एकवीस पॉइंट एक-दोन. चार तारखेचा आकडा कोन सुधारण्याआधीचा, एक आकडा दवामुळे बाद. अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून बघितलं.

“म्हणजे झाकणं उपयोगी आहेत?”

“आहेत,” मी म्हटलं. मला स्वतःलाच विश्वास नव्हता, मी तर या झाकणांना हसले होते, पण मीटर खोटं बोलत नाही. असं भाषणच केलं मी. सोळा वर्षांचा आलेखही दाखवला.

“मग अशीच झाकणं लावून चोवीस खांब उभे केले तर तुमची हरकत?”

मी क्षणभर थांबले. पण थांबायचं कशासाठी? स्वतःच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा नाही तर कशावर! “हरकत नाही” लिहून सही केली. साहेबांनी बाहेर आल्यावर हात हातात घेतला. वेधशाळा वाचली म्हणाले.

घरी येऊन एका दमात सगळं सांगितलं. समिती, झाकणं, चोवीस खांब, पहिल्यापासून. हे ऐकता ऐकता खाली बसले.

“अजून चोवीस? आणि तू हो म्हणालीस?”

“आकडेच हो म्हणाले! मी कोण?”

“त्यांचं बटण कुठे असेल गं?”

अहो, कोण विचारतं असलं! मी हसत सुटले. मग म्हणाले, “ऐक ना, मला एक सांगायचं होतं.” मी म्हटलं, उद्या सांगा, आज मला कुणी काही सांगू नका, आज मी राणी आहे. साहेबांना, बहिणीला, सगळ्यांना फोन करत बसले. यांना काय सांगायचं होतं ते राहिलंच.

१५ फेब्रुवारी

विचारलं, काय सांगणार होता? “काही नाही, विसरलो,” म्हणाले.

२७ एप्रिल

नवे खांब उभे राहिले, अजून पेटलेले नाहीत. मी निवांत आहे. यांचं मात्र काही खरं नाही. जेवणावर लक्ष नाही, फिरून येतात ते खांदे पाडून. मिशीवाल्याशी भांडण झालं का, विचारलं. “तो बिचारा काय करणार,” एवढंच म्हणाले.

१६ मे

एकोणीस पॉइंट दोन.

१७ मे

काल लिहिताच आलं नाही. 

बत्तीस खांब एकदम पेटले. भिंतीच्या आडोशाला बसून मला माझी सावली दिसत होती. चंद्र नसताना सावली! आकाशगंगा नाही. मोठे मोठे तारे तेवढे, तेही केविलवाणे. दुर्बिणीचा घुमट उघडलाच नाही. उघडून तिला काय दाखवायचं?

माझं गणित कुठे चुकलं ते कळत नाही. झाकणं तीच, दिवे तेच, फक्त चौपट. आठ खांबांनी जर काहीच बिघडत नव्हतं तर चौपट काहीच नाही म्हणजे काहीच नाही. शाळेतल्या पोराला जमेल असा हिशेब. रात्रभर तोच करत होते.

१८ मे

आज पुन्हा एकोणीस पॉइंट दोन. घरी आले तर हे अंधारात बसलेले. मी रडायला सुरुवात करायच्या आत तेच म्हणाले, “आता बंद होत नाहीत गं ते.”

“काय बंद होत नाहीत?”

“दिवे. सगळं आपोआप झालंय, बटण मुख्य ऑफिसात आहे. मिशीवाल्याच्या हातात काही राहिलं नाही. मी पाय धरायचा बाकी होतो.”

आणि मग सांगितलं. सहा-सात डिसेंबरपासून, मी वर मीटर काढून बसायचे त्या वेळेला, हे डेपोच्या फाटकाशी थर्मास घेऊन जायचे. ट्रकवाले तेव्हा जेवायला बसलेले असत. मिशीवाला खटके पाडायचा. आठही खांब विझायचे. हे घड्याळ धरून बसायचे. फार वेळ नाही, जेमतेम माझा आकडा घेऊन होईपर्यंत. मग दोघं चहा प्यायचे.

“तू जेवायची नाहीस,” म्हणाले. “मोठा आकडा चांगला, असं तूच म्हणायचीस.”

ताप आला होता त्या दिवशी नव्हते गेले. त्या दिवशी दव नव्हतंच. माझा हात कोरडा लागला होता, मला माहीत होतं तो कोरडा आहे, आणि मी दव लिहिलं.

त्यांना मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी मीच थांबले, दम लागला म्हणून. मग ते उठले आणि ओट्यावरचे कप विसळायला लागले. पाठमोरे. मला इतकी शरम वाटली आणि इतका राग आला, दोन्ही एकदमच. दोन्हीतलं काहीच ओसरत नाही.

२० मे

साहेबांना खरं ते कळवलं. मिशीवाल्याचं नाव गाळून, यांचं न गाळता. गाळा म्हटलं असतं तर गाळलं असतं, पण हेच म्हणाले, “लिही. मीच केलं ना?”

साहेबांनी फोन करून माझंच पत्र मला वाचून दाखवलं. मग म्हणाले, “बाई, तुमच्या घरातल्या माणसाने?” एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं.

२ जून

कंपनीच्या वकिलाचं म्हणणं असं की, निरीक्षकाच्या नवऱ्याने दिवे बंद केले याला कंपनी काय करणार? परवानगी निरीक्षकाच्या सहीने मिळाली आहे. सगळं कायदेशीर. चष्मेवाल्याने ॲडजस्टमेंटचं बोलणं साफ नाकारलं. केलं नव्हतंच तर नाकारणारच.

मिशीवाल्याला कामावरून काढलं. नाव गाळून उपयोग काय, फाटकावर तो एकटाच तर होता. हे त्याच्या घरी जाऊन आले. काय बोलणं झालं ते सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. आम्ही दोघं आता घरात एकमेकांना वाट देत फिरतो, पाहुण्यांसारखे.

११ जून

जरा उजाडलं म्हणायचं. साहेब स्वतः आले, टेकडी चढून, धापा टाकत. अध्यक्षबाईंशी बोलून आले होते. डिसेंबर ते फेब्रुवारीचे आकडे गेले ते गेले, पण मागची सोळा वर्षं आहेत! गाव खाली नांदतं असून टेकडीवरचं आभाळ किती काळं राहिलं, याचा एवढा सलग पुरावा कुणाकडे नाही. त्याच्या शेजारी एकोणीस पॉइंट दोन ठेवला की नुकसान आंधळ्यालाही दिसेल. समिती परवानगी पुन्हा तपासायला तयार आहे.

“फक्त वकिलाने एक मागितलंय,” साहेब म्हणाले. “त्या सोळा वर्षांत मोजणीच्या वेळी कुणी दिव्यांशी काही केलेलं नाही, असं तुम्ही लिहून द्यायचं. तेवढं दिलंत की मी बघतो त्यांच्याकडे.”

“आत्ता देते!” मी म्हटलं. डेपोच नव्हता तेव्हा, कोण कसले दिवे विझवणार? कागद त्यांच्याकडे नव्हता, उद्या पाठवतो म्हणाले. जाताना दुर्बिणीवर हात ठेवून गेले. कितीतरी दिवसांनी जिवात जीव आला.

१२ जून

कागद आला. दोन ओळींचा मजकूर, खाली सहीची जागा.

हे जेवायला बसले होते. माझा राग बराच उतरला होता, थोडी थट्टाही सुचली. म्हटलं, “काय हो शिंपीबुवा, खात्री देऊ ना? मागच्या सोळा वर्षांत कुणाचे खटके पाडलेले नाहीत ना?”

ते हसतील असं मला वाटलं होतं. त्यांनी घास खाली ठेवला.

मी उभीच राहिले. त्यांचं तोंड उघडलं, मिटलं. नाही म्हणायला निघाले होते, मला दिसलं ते. पस्तीस वर्षांचा संसार आहे, या माणसाला खोटं बोलताना कान लाल होतात. झाले.

“काय?” मी म्हटलं. “बोला.”

“पंपाचा बोर्ड,” ते म्हणाले. “बेकरीचा. शाळेच्या मैदानावरचा मोठा दिवा. मग ते हॉटेल झालं, त्याचा.”

“कधीपासून?”

“मीटर आलं त्याच्या दुसऱ्या वर्षी. आकडा पॉइंट एकाने उतरला म्हणून तू दोन दिवस बोलली नव्हतीस. पंपवाला पँट घ्यायला आला होता. मी सहज म्हटलं, साडेआठला थोडा वेळ बोर्ड बंद ठेवाल का. तो म्हणाला, त्यात काय. मग दुकानात जो येईल त्याला सांगत गेलो. पुढे पुढे सांगावंच लागत नसे.”

“सगळ्या गावाला माहीत होतं?”

“सगळ्या नाही. दिवे असणाऱ्यांना.”

आमचं गाव शहाणं आहे, असं मी सांगत फिरायचे. पंपवाला मला रस्त्यात भेटला की विचारायचा, काय म्हणतंय आभाळ? मी त्याला आकडा सांगायचे आणि तो मान डोलवायचा, समाधानाने.

मी कागद घेऊन आतल्या खोलीत गेले. खूप वेळ बसले. सही केली असती तर कुणाला कळलं असतं? पंपवाला बोलला नसता, बेकरीवाला नसता, यांनी तर जीभ तोडून दिली असती. दुर्बीण राहिली असती. मी पेन उघडलंसुद्धा. पण खाली नाव घालायचं ते माझं, आणि वर आकडे असणार ते माझे, आणि त्यातला एकही मला माहीत नाही. गाव खरंच किती उजळलं, कोणत्या वर्षी किती, पंपाने किती, हॉटेलाने किती, हे मोजायला एकच माणूस ठेवला होता, आणि तो मी. आता ते कुणालाच कधी कळणार नाही. गेलेलं आभाळ पुन्हा मोजता येत नाही.

मजकूर खोडला आणि लिहिलं, “अशी खात्री देता येत नाही.” सही केली. साहेबांना फोन लावला. का ते सांगितलं.  शेवटी म्हणाले, “मग सोमवारी दुर्बीण उतरवायला माणसं पाठवतो. तुम्ही नाही आलात तरी चालेल.”

मी जाणार आहे. काच त्यांना धरता येणार नाही.

बाहेर आले तर हे तसेच ताटावर. भात वाळून गेला होता. समोर बसले. ओरडायचं म्हणून मनात शब्द शोधले, एक सापडेना. ज्याचं वाईट चिंतावं असा एक माणूस नाही हो या सगळ्या प्रकरणात. तेवढा तरी असायला हवा होता.

“त्या तेवढ्या वेळात,” त्यांनी ताटाकडे बघतच विचारलं, “तुला दिसायचं ना गं सगळं?”

“दिसायचं,” मी म्हटलं.